शाळेतील हिंसा : तक्रारपेटी कोणी उघडायची?

शाळकरी मुलाच्या हातून एखादे भयंकर कृत्य घडले म्हणजे आपल्याकडे एक ठरलेला उपचार सुरू होतो. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतील दोन मुलांनी आपल्याच वर्गमित्रावर गोळ्या झाडून त्याचा जीव घेतला. पिस्तूल त्यांपैकी एकाच्या वडिलांचे होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईच्या एका शाळेत नववीतील विद्यार्थ्याने वर्गातच आपल्या शिक्षिकेला भोसकून ठार केले. त्याच्या अभ्यासाविषयी पालकांसाठी डायरीत लिहिलेले शेरे हे त्याच्या रागाचे कारण असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. दोन्ही प्रसंगी शोक झाला, संताप झाला, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्यावर दोषारोप झाले, मूल्यशिक्षणाचा तास वाढवावा अशी मागणी झाली आणि महिना उलटण्याच्या आत सर्वांना त्याचा विसर पडला. पुढे डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील प्रकरणात एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला निघाला आणि त्यातून उसळलेल्या क्षोभाची परिणती २०१५ च्या बाल न्याय कायद्यात झाली. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केल्यास प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येईल, अशी तरतूद त्या कायद्याने केली. त्या तरतुदीच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु तो कायदा गुन्हा घडून गेल्यानंतर जागा होणारा आहे, एवढे तरी त्याच्या समर्थकांनीही मान्य करावयास हरकत नसावी.

गुन्हा घडण्यापूर्वी शाळेला काही करता येते काय, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नावर गेल्या चाळीसपन्नास वर्षांत जगात पुष्कळ प्रयोग झाले आहेत. त्यांतील काहींचे मोजमाप काटेकोरपणे झाले आहे आणि त्यातून निघालेले निष्कर्ष आपल्या अनेक आवडत्या समजुतींना धक्का देणारे आहेत. आपल्याकडील चर्चेत त्यांचा उल्लेखही क्वचितच होतो. त्यामुळे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार वारंवार घडत राहतो.

यांतील पहिली समजूत म्हणजे मुलांना एकदा चांगली दहशत बसली की ती वळणावर येतात. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील तुरुंगात १९७० नंतरच्या दशकात या समजुतीवर आधारलेला एक कार्यक्रम सुरू झाला. वाट चुकू लागलेल्या मुलांना तुरुंगात न्यावयाचे आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्या अंगावर ओरडून, शिव्या देऊन, तुरुंगातील जीवनाची भीषण वर्णने करून त्यांचा थरकाप उडवावयाचा, असे त्याचे स्वरूप होते. या कार्यक्रमावरील अनुबोधपटाला १९७९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. जेम्स फिंकेनॉवर या संशोधकाने मात्र टाळ्यांच्या गजरात सामील न होता साधा हिशेब केला. तुरुंग पाहून आलेली मुले आणि त्यांच्यासारखीच पण तुरुंगात न नेलेली मुले यांची त्याने तुलना केली. पहिल्या गटातील ४१ टक्के मुले सहा महिन्यांच्या आत पुन्हा गुन्ह्यात सापडली. दुसऱ्या गटातील अवघी ११ टक्के. दहशतीने मुले सुधारली तर नाहीतच, उलट बिघडली. त्यानंतर अशा कार्यक्रमांचे जे जे पद्धतशीर परीक्षण झाले त्याचा निष्कर्ष याहून वेगळा आलेला नाही. आपल्याकडे व्रात्य मुलाला पोलीसचौकीत नेऊन ‘जरा समज’ देण्याची जी शिफारस वडीलधारी मंडळी करतात, तिचे मूळ याच भाबडेपणात आहे.

दुसरी समजूत हकालपट्टीची. अमेरिकेने १९९४ मध्ये कायदा करून शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्ष शाळेबाहेर काढणे बंधनकारक केले. बंदुकीपुरते हे समजण्यासारखे होते. पण एकदा ‘अजिबात गय करावयाची नाही’ हे ब्रीद ठरल्यावर शाळांनी ते खेळण्यातल्या हत्यारांपासून उद्धट उत्तरापर्यंत सर्वत्र लावले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००८ मध्ये सांगितले की, या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही. काळ्या विद्यार्थ्यांवर मात्र त्याची कुऱ्हाड अधिक प्रमाणात कोसळते. शाळेतून काढलेला मुलगा नाहीसा होत नाही, तो रस्त्यावर जातो. ही गोष्ट कळावयास खरे म्हणजे अभ्यासगटाचीही आवश्यकता नव्हती.

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक यांची हत्या केली. त्यानंतर अध्यक्षांच्या संरक्षणाची जबाबदारी वाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिस या यंत्रणेने तेथील शिक्षण खात्याच्या साहाय्याने १९७४ ते २००० या काळातील शाळांवरील ३७ हल्ले आणि ते करणारे ४१ हल्लेखोर यांचा बारकाईने अभ्यास केला. अहवाल २००२ मध्ये आला. हल्लेखोर विद्यार्थ्याचा काही ठराविक नमुना आढळतो काय, हे पाहण्याचा एक उद्देश होता. तसा नमुना आढळला नाही. एकलकोंडी मुले होती तशी मित्रपरिवार असलेलीही होती. नापास होणारी होती तशी हुशारही होती. त्यामुळे ‘संशयित’ मुलांच्या याद्या करण्याचा मार्ग निरुपयोगी ठरला. पण दुसरी एक गोष्ट स्पष्टपणे पुढे आली. पाचांपैकी चार घटनांत हल्ल्याचा विचार आधी किमान एका व्यक्तीला ठाऊक होता आणि ती व्यक्ती बहुधा बरोबरीचा विद्यार्थीच होती. मित्र, भावंड, बाकावरचा सोबती अशा कोणाला तरी ते माहीत होते, पण मोठ्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही. बहुसंख्य हल्लेखोरांना इतरांकडून छळ, धमक्या किंवा इजा सोसावी लागली होती, हेही त्याच अहवालात आहे.

शाळेच्या भिंती उंच केल्याने, दारावर पहारेकरी बसवल्याने किंवा कॅमेरे लावल्याने मुलांना जे आधीच ठाऊक आहे ते शिक्षकांना ठाऊक होत नाही. ते ठाऊक होण्यासाठी मुलाने ते सांगावे लागते आणि सांगण्यासारखे माणूस शाळेत असावे लागते.

नॉर्वेने ही वाट फार पूर्वी धरली. १९८२ च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागातील तीन कोवळ्या मुलांनी सोबत्यांच्या छळाला कंटाळून आत्महत्या केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. देश हादरला आणि १९८३ मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने सर्व शाळांसाठी छळविरोधी मोहीम हाती घेतली. डॅन ओल्व्हेउस हे मानसशास्त्रज्ञ तिचे प्रवर्तक. बर्गन शहरातील ४२ शाळांच्या सुमारे २,५०० विद्यार्थ्यांची पाहणी त्यांनी अडीच वर्षे केली, तेव्हा छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले. मधल्या सुटीत मैदानावर मोठ्या माणसाची जागरूक उपस्थिती, वर्गाने मिळून ठरवलेले नियम, छळणाऱ्या व छळल्या जाणाऱ्या दोघांशीही आणि त्यांच्या पालकांशी गंभीरपणे बोलणे, या त्यांच्या उपायांत चमत्कार असे काही नव्हते. पुढे फिनलंडने २००९ पासून देशभर जो कार्यक्रम राबवला त्यात छळणाऱ्यापेक्षा भोवती उभे राहून हसणाऱ्या वा गप्प बसणाऱ्या मुलांकडे लक्ष वळवले. त्याचाही उपयोग झाला; मात्र प्रयोगाच्या वेळी दिसला त्याहून देशव्यापी अंमलबजावणीत तो कमी दिसला. अमेरिकेतही नॉर्वेचे यश जसेच्या तसे वठले नाही. एका समाजातील रोप दुसऱ्या मातीत लावताना सावध राहावे लागते, एवढे यावरून घ्यावयाचे.

नॉर्वेच्या शाळेतील छळ आणि शिकागोच्या रस्त्यावरील गोळीबार यांत अंतर फार. शिकागोमधील गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी तेथील एका संस्थेने २००१ पासून ‘पुरुष होताना’ अशा अर्थाचे नाव असलेला उपक्रम चालवला आहे. आठवड्यातून एक तास, शाळेच्याच वेळेत, दहाबारा मुले एका मार्गदर्शकाबरोबर वर्तुळ करून बसतात. त्यातील पहिल्या दिवसांचा एक खेळ सांगण्यासारखा आहे. मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात की अर्ध्या मिनिटात त्याच्याकडून तो मिळव. झटापट सुरू होते, बोटे पिरगाळली जातात, मुले जमिनीवर लोळतात. वेळ संपल्यावर मार्गदर्शक विचारतो, ‘चेंडू दे, असे तुम्ही त्याला नुसते म्हणून का पाहिले नाही?’ मुले चकित होतात. मागितले असते तर त्याने मला भित्रा समजले असते, असे कोणी म्हणतो. समोरच्याला विचारावे तर तो म्हणतो की, मागितला असता तर दिलाही असता. साधा चेंडूच तर होता!

या खेळावर हसण्याचा मोह होईल; पण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००९-१० मध्ये १८ शाळांतील २,७४० मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने या उपक्रमात घेऊन काहींना न घेऊन पाहिले, तेव्हा उपक्रमाच्या वर्षात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्या. २०१३ पासूनच्या दुसऱ्या प्रयोगातही परिणाम जवळपास तेवढाच दिसला. या संशोधकांत सेंदिल मुल्लैनाथन हे मूळचे भारतीय अर्थशास्त्रज्ञही होते. त्यांचा युक्तिवाद असा की, ही मुले स्वभावाने दुष्ट नसतात. ज्या वस्तीत ती वाढतात तेथे क्षणभर माघार घेणाऱ्याला उद्या पुन्हा लुबाडले जाते. म्हणून विचार न करता उलट वार करण्याची त्यांना सवय लागते आणि तीच सवय वर्गात, शिक्षकासमोर, नको तेथे उफाळून येते. त्यांना उपदेश नको असतो, एक क्षण थांबून ‘येथे खरेच काय चालले आहे?’ असे स्वतःला विचारण्याचा सराव हवा असतो. अर्थात हेही नमूद केले पाहिजे की, उपक्रम संपल्यावर अटकांवरील परिणाम टिकून राहिला नाही. तेव्हा एकदा टोचून घेतली की जन्मभर पुरणारी ही लस नव्हे.

हे सारे परदेशचे झाले. आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत बोलका, प्रयोग बिहारमधील नालंदा जिल्ह्यात झाला. तो करणारी ‘संगत’ ही संस्था गोव्यातली आहे. सचिन शिंदे, विक्रम पटेल आदी संशोधक त्यात होते. तरीही महाराष्ट्रातील शिक्षणविषयक चर्चेत त्याचे नाव कानावर येत नाही, याला काय म्हणावे?

नालंदातील ७४ सरकारी माध्यमिक शाळा या प्रयोगात होत्या. नववीच्या वर्गातील सुमारे १३,००० मुलामुलींची पाहणी सुरुवातीस झाली. शाळांचे तीन गट पाडले. बिहार सरकारचा जीवनकौशल्यांचा ‘तरंग’ हा अभ्यासक्रम तिन्ही गटांत होताच. एका गटात त्याखेरीज काही नव्हते. दुसऱ्या गटात प्रत्येक शाळेला एक ‘सेहर मित्र’ दिला. हा मित्र डॉक्टर नव्हता की मानसशास्त्रातला तज्ज्ञ नव्हता. तो प्रशिक्षण दिलेला सामान्य माणूस होता आणि याच कामासाठी शाळेत येत होता. तिसऱ्या गटात तेच प्रशिक्षण आणि तेच काम शाळेतील एका शिक्षकाकडे सोपवले. काम तरी कोणते? प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे, महिन्याचे भित्तिपत्रक काढणे, स्पर्धा घेणे, विद्यार्थ्यांचे गट बांधणे, मुलांनी आपल्या अडचणी लिहून टाकाव्यात यासाठी एक पेटी ठेवणे व तिच्यातील चिठ्ठ्यांची दखल घेणे आणि ज्या मुलाला एकट्याने बोलावयाचे असेल त्याचे ऐकून घेणे. आपल्या शाळांतून हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके काढलेल्या पिढ्यांना यात नवल वाटू नये.

आठ महिन्यांनी मोजमाप झाले आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. जेथे सेहर मित्र होता त्या शाळांचे वातावरण लक्षणीय सुधारले होते. मुलांमधील छळ, मारहाण, खिन्नता ही सर्व कमी झाली होती. मार खाणारी मुले कमी झाली, तशी मारणारीही कमी झाली. आणि जेथे हेच काम शिक्षकाने केले? तेथे काहीही फरक पडला नाही. ज्या शाळांत हा कार्यक्रम नव्हताच, त्यांच्यात आणि या शाळांत भेद दाखवता येईना. काम दुसऱ्या वर्षीही चालू ठेवून सतरा महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा मित्राच्या शाळा आणखी पुढे गेल्या होत्या. शिक्षकांच्या शाळा होत्या तेथेच होत्या.

शिक्षकवर्गाला हा निष्कर्ष झोंबेल, हे उघड आहे. शिक्षक नालायक असा त्याचा अर्थ लावणारे लोकही निघतील. शिक्षकाला झोडपण्याची संधी सोडू नये असा आपल्या समाजाचा अलीकडे दंडकच झाला आहे. पण वस्तुस्थिती काय आहे? नववीच्या वर्गावर शिकवणाऱ्या माणसाच्या दिवसाकडे जरा पाहा. साठसाठ मुलांचे वर्ग, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वरून दररोज मागवली जाणारी माहिती, तिचे रकाने, पोषण आहाराचे हिशेब, निवडणुका. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका एवढीच बाहेरची कामे शिक्षकाला द्यावीत असे बजावले आहे. पण मतदारयाद्या घेऊन दारोदार हिंडणारा शिक्षक हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? अशा माणसाच्या ओंजळीत आणखी एक कार्यक्रम टाकला की तो कागदावर पार पडतो. त्यात त्याच्या नीतिमत्तेचा प्रश्न येत नाही. दिवसाचे तास मर्यादित आहेत, इतकाच प्रश्न आहे.

याहून खोल असे दुसरे एक कारण मला दिसते. ज्याच्या हाती गुण आहेत, ज्याच्या शेऱ्यावर घरी मार बसण्याची शक्यता आहे, त्याच्याजवळ मुलाने आपली लज्जा आणि आपली भीती उघडी करावी ही अपेक्षाच अवघड आहे. न्यायाधीश आणि वकील एकच असू नये हे तत्त्व आपण न्यायालयात मानतो. शाळेत मात्र एकाच माणसाने परीक्षकही व्हावे आणि विश्वासूही व्हावे, असा आग्रह धरतो. काही थोर शिक्षकांना हे साधते, यात शंका नाही. अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत आणि मुले त्यांच्याशी आईशी बोलावे तशी बोलत. परंतु प्रत्येक शाळेत साने गुरुजी असतील हे गृहीत धरून शासनाला योजना आखता येत नाही. तशी ती आखली की शिक्षकाच्या वाट्याला फक्त अपराधीपणा येतो.

त्यातच छडीचा प्रश्न आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई केली, त्याला आता दीड दशक होऊन गेले. तरीही ‘आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो’ असे अभिमानाने सांगणारे पालक आणि शिक्षक पैशाला पासरी आहेत. जो प्रबळ आहे त्याने दुर्बळाला मारून आपले म्हणणे पटवावे हा धडा ज्या शाळेत दररोज प्रत्यक्ष दिला जातो, तेथे अहिंसेवरील व्याख्यान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होय. युगांडातील लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळांत या दिशेने एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत मुख्याध्यापक, शिक्षक व विद्यार्थी यांनी मिळून शाळेची शिस्त कशी असावी हे ठरवण्याचा अठरा महिन्यांचा कार्यक्रम घेतला गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिक्षकांकडून होणारी मारहाण तेथे ४२ टक्क्यांनी कमी झाली. युगांडातील शाळांची सांपत्तिक स्थिती आपल्यापेक्षा बरी आहे असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा ‘आमच्याकडे हे शक्य नाही’ हा आक्षेप येथे टिकत नाही. शिक्षकाला मित्राचे काम झेपणार नाही. पण हात आवरण्याचे काम त्याचेच आहे आणि ते दुसऱ्या कोणालाही त्याच्यासाठी करता येणार नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. मुंबईत २००८ ते २०१० या काळात महापालिकेच्या ४५ शाळांतून सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्रीपुरुषसमता आणि हिंसा या विषयांवरचा एक कार्यक्रम झाला. टाटा समाजविज्ञान संस्था आणि चेंबूरच्या वस्त्यांत काम करणारी कोरो ही संस्था त्यात होत्या. मुलांच्या विचारांत फरक पडल्याचे दिसले. प्रत्यक्ष वागण्याबाबतचे निष्कर्ष मात्र संमिश्र होते. पुढे त्याचा काही अंश राज्याच्या शालेय कार्यक्रमात घेण्यात आला. म्हणजे आपल्याकडे काहीच झाले नाही असे नव्हे. परंतु घटना घडली की आदेश निघतो, या पलीकडे शासनाची बुद्धी सहसा धावत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने राज्य पेटून उठले. तो प्रकार आपल्या विषयाहून वेगळा, कारण तेथे अत्याचारी म्हणून मुलांवर नव्हे तर शाळेत कामाला असलेल्या प्रौढावर आरोप होता. पण त्यानंतर शासनाने जे फर्मान काढले ते प्रत्येक शाळेला लागू आहे. त्यात सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, ‘सखी सावित्री’ समित्या आहेत आणि तक्रारपेटीही आहे.

तक्रारपेटी! नालंदातील पेटीशी तिचे बाह्य साम्य पुरते आहे. पण त्या पेटीतील चिठ्ठी वाचणारा माणूस त्याच कामासाठी दररोज शाळेत येत होता. आपल्या पेटीची किल्ली बहुधा मुख्याध्यापकांच्या खणात असते. ती समितीच्या बैठकीत उघडली जाते आणि बैठक केव्हा होईल हे सांगता येत नाही. आपली चिठ्ठी कोण वाचणार, अक्षर ओळखले जाईल काय, उद्या वर्गात तिचा पुकारा होईल काय, हे सारे प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाला आपल्याला वाटतात त्याहून नीट कळतात. मग पेटीत चिठ्ठ्या पडत नाहीत आणि ‘तक्रारी निरंक’ असा अहवाल वर जातो. कारकुनी पेशातील वाचकांना हा ‘निरंक’ शब्द परिचयाचा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, शाळांच्या संचमान्यतेत एका पदाची भर घालावी. मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक ही पदे आपल्याला ठाऊक आहेत. मुलांशी बोलण्यासाठी नेमलेला माणूस आपल्यापैकी किती जणांनी अनुदानित शाळेत पाहिला आहे? त्याला मोठी पदवी लागत नाही, हे बिहारने दाखवून दिले आहे. लागते ती माणसाची पारख, काही दिवसांचे चांगले प्रशिक्षण आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा एखादा जाणकार पर्यवेक्षक. गावातील पदवीधर तरुण-तरुणी यासाठी मिळणार नाहीत असे मुळीच नाही. त्याने गुण द्यावयाचे नाहीत, बदली तासाला वर्गावर जावयाचे नाही, माहितीचे रकाने भरावयाचे नाहीत. ही शेवटची अट लेखी घालावी लागेल, अन्यथा महिन्याभरात मुख्याध्यापक त्याला संगणकासमोर बसवतील.

खर्चाचा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु एका कॅमेऱ्यामागे एक माणूस अशी तुलना कोणी मांडून पाहिली आहे काय? दुसरा धोका मला अधिक खरा वाटतो. २००० साली शिक्षणसेवक योजना आणून शासनाने तुटपुंज्या मानधनावर शिक्षकाला राबवण्याचा पायंडा पाडला. या नव्या पदाचेही तसेच झाले, दर अकरा महिन्यांनी खंड देऊन माणूस बदलू लागला, तर मूल विश्वास ठेवणार कोणावर? नालंदात आठ महिन्यांपेक्षा सतराव्या महिन्यात परिणाम अधिक दिसला, याचे रहस्य काम टिकून राहण्यात असावे असे मला वाटते. शिक्षक संघटनांनी या पदाला आपल्या हक्कावरील आक्रमण समजू नये. त्यांनी पहिली मागणी करावी ती ते पद कायम असावे ही.

यातून सर्व हिंसा थांबेल, असा दावा करण्यात अर्थ नाही. अमेरिकेत २००७ मध्ये शाळांतील अशा कार्यक्रमांच्या ५३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा हिंसक वर्तनात पडलेली घट साधारण १५ टक्के होती. घरातील मारझोड, जातीपातीचा द्वेष, निवडणुकीच्या मोसमात पोरांना दुचाक्या आणि दारू पुरवणारे ‘दादा’ यांचा बंदोबस्त शाळेतील एका माणसाने करावा, असे म्हणणे म्हणजे त्याच्याही डोक्यावर लष्कराच्या भाकऱ्या ठेवणे होय. पण १५ टक्के हा आकडा क्षुल्लक नव्हे. शंभर मारामाऱ्यांतील पंधरा टळल्या, तर त्या पंधरांत गुडगावची किंवा चेन्नईची एखादी नसेलच असे कोण सांगू शकेल?

एकदम राज्यभर योजना जाहीर करून तिचे नामकरण समारंभ करण्यापेक्षा एका जिल्ह्यातील पन्नासएक माध्यमिक शाळा घ्याव्यात. निम्म्यांत असा माणूस नेमावा, निम्म्यांत नेमू नये आणि दोन वर्षांनी मुलांनाच विचारावे. सिंधुदुर्ग जिल्हा त्यासाठी सोयीचा आहे. ज्या संस्थेने नालंदात हे करून पाहिले ती पर्वरीला आहे. सावंतवाडीहून सकाळी निघालेला शिक्षणाधिकारी दुपारच्या जेवणापूर्वी तेथील मंडळींशी बोलणे उरकून परतीच्या वाटेला लागू शकेल.